काका, काटा हलला

तीर्थस्वरूप काकांस, साष्टांग नमस्कार.

तुम्ही कोल्हापूरला सुखरूप पोचल्याचं तुमच्या लेकीकडून कळलं. इथे मिनेसोटात पानं गळायला लागलीत आणि बोट परवा पाण्यातून काढून ट्रेलरवर चढवली. बोटीचं वेगाचं घड्याळ तुम्ही दुरुस्त केलंत, त्याबद्दल तुम्ही असताना धड आभारही मानता आले नाहीत. मानायला गेलो की तुम्ही विषय बदलून उसाच्या दराकडे वळायचात. म्हणून हे उघडं पत्र. चारचौघांनी वाचलं की तुम्हाला टाळता येणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. 1994 ची स्की बोट मी दोन वर्षांपूर्वी जुनी म्हणून घेतली. आमच्या घरापासून जवळ लेक पेपिन आहे, मिसिसिपी नदीच तिथे पसरून तलाव झालीय. पाण्यावरच्या स्कीइंगचा जन्म याच पाण्यावरचा. 1922 मध्ये राल्फ सॅम्युअलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने लाकडाच्या फळ्या उकळत्या पाण्यात मऊ करून टोकं वर वाकवली, पायाला बांधली आणि बोटीमागे दोरी धरून उभा राहिला. एवढा इतिहास दाराशी असताना आपल्या लेकीने शिकायला नको का? झालं, बोट आली.

बोटीला वेगाची दोन घड्याळं. उजवं पहिल्या दिवसापासून शून्यावर. डावं चालायचं, म्हणून मी त्याच्या भरवशावर हाकायचो. शिकणाऱ्या मुलांना साधारण ताशी 15 मैल पुरतात. मी काटा बरोबर पंधरावर धरायचो आणि पोरगी दर वेळी तोंडावर आपटायची. दोरी हातातून हिसकली जायची. गेल्या उन्हाळ्यात तर असली पडली की नाकातोंडात पाणी गेलं, खांदा दुखावला, आणि तिने स्की गॅरेजमध्ये भिंतीकडे तोंड करून ठेवल्या.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, ती इथे लिहितो. त्या दिवशी पडण्याआधी ती अंगठा खाली करून दाखवत होती. स्कीइंगमध्ये त्याचा अर्थ एकच, वेग कमी कर. मागे तोंड करून बसलेली बायको ओरडून सांगत होती, "अहो, ती हळू म्हणतेय!" मी काट्याकडे बघितलं. काटा पंधरावर. म्हटलं, घाबरतेय उगाच. वर तिलाच सुनावलं, गुडघे वाकव, हात सरळ ठेव, लक्ष कुठे असतं तुझं?

ज्या दुकानात बोट पहिल्यांदा नेली, तिथल्या माणसाने तपासणीचे पैसे आधी घेतले आणि डॅशबोर्डकडे बोट दाखवून म्हणाला, हे सगळं काढून नवं बसवा. काय बिघडलंय असं विचारलं, तर "वय" म्हणाला. दुसऱ्याने एवढ्या जुन्या बोटी आम्ही घेतच नाही म्हणून फोन ठेवला. तिसरा जरा बोलका निघाला. लेक सोबत होती, तिच्याकडे बघून हसत म्हणाला, कधी कधी घड्याळ बरोबर असतं, मुलांनाच जमत नसतं. तो विनोद होता म्हणे. परतीच्या वाटेवर पाऊण तास ती खिडकीबाहेर बघत होती. आणि काका, मीही त्याला काही बोललो नाही. मलाही मनातून तसंच वाटत होतं.

मग जुलैत तुम्ही जेवायला आलात. पिठलं-भात झाल्यावर शतपावली म्हणून गॅरेजकडे गेलात आणि बोटीच्या मागच्या बाजूला वाकून बघत विचारलंत, "ह्यो पितळी काटा कशाचा लावलाय?" पाण्यात खाली लोंबणारी, पुढच्या अंगाला बारीक भोक असलेली ती पिटो ट्यूब. मी ऐकीव माहिती सांगितली: बोट पळाली की त्या भोकात पाणी घुसतं, त्याचा दाब नळीतून घड्याळापर्यंत जातो आणि काटा फिरतो. तुम्ही हसलात. "म्हंजे आमच्या बॉयलरचं प्रेशर गेजच की! आत चंद्रकोरीसारखी वाकवलेली नळी असणार. दाब आला की ती सरळ व्हायला बघते." तीस वर्षं साखर कारखान्यात गेजं उघडली-मिटवली त्या माणसाला मी हे समजावून सांगत होतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वतःहून हजर. चपला ट्रेलरपाशी काढल्यात, बोटीत चढलात. मत देण्याआधी गुडघे टेकलेत, हे मला आधी दिसलं. बाकी सगळे उभ्यानेच बोलले होते.

आणि मग ते, ज्यासाठी हे पत्र. माझी लेक दारात उभी होती, आत यायला तयार नव्हती. तुम्ही मागच्या बाजूला दोन्ही नळ्या सोडवल्या होत्यात. मी पुढे झालो तर मला हाताने बाजूला केलंत. "तू न्हाई. पोरी, हिकडं ये. तुझा दम चांगला असंल. फुंक ह्यात." उजव्या, मेलेल्या घड्याळाची नळी तुम्ही सदऱ्याच्या टोकाने पुसलीत आणि तिच्या हातात दिलीत.

तिने फुंकलं. गाल लाल होईस्तोवर फुंकलं. आणि दोन वर्षं शून्यावर झोपलेला काटा खुंटी सोडून थरथरत दहाच्या खुणेपर्यंत चढला.

"घड्याळ जिवंत हाय," तुम्ही म्हणालात. "तुंबलंय ते बाहेरचं भोक." मग डावी नळी दिलीत. तिने तसाच जोर लावला. काटा जेमतेम हलला. तुम्ही बोटीच्या तळाला आतून कान लावून पडला होतात. "आनी एकदा." सीटखालून सूं असा आवाज आला. "सापडलं! नळी फुटलीय. दाब वाटंतच सांडतोय, म्हणून काटा कमी दावतोय. बोट जोरात असणार आनी ह्यो म्हणणार, हळू हाय." मग माझ्याकडे न बघता, फक्त तिला: "तू पडत न्हवतीस पोरी. तुला पाडत हुते."

ती गॅरेजच्या मागे जाऊन रडली. तुम्ही पाहिलंत आणि पान्हे शोधायला लागलात, न पाहिल्यासारखं करून. त्याबद्दलही आभार.

पुढचं थोडक्यात. उजवीकडच्या भोकात कुठल्याशा किड्याने चिखलाचं घर केलं होतं, ते मासेमारीच्या जाड तंगूसने साफ झालं. डावीकडची पिटो ट्यूब टोकाला चिरली होती, ती नवी घातली, नळीही नवी. बोटीच्या बुडाला एक छोटं पॅडलव्हीलही निघालं. पात्यांतल्या चुंबकांचे फेरे मोजून वेग धरून ठेवणाऱ्या यंत्राला ते आकडा कळवतं. त्याचा आस झिजून ते अडकलं होतं, तेही बदललं. सगळ्या सुट्या भागांचा खर्च पहिल्या दुकानाच्या नुसत्या तपासणीच्या बिलापेक्षा कमी. शेवटी फोनवरच्या जीपीएसशी ताडून घड्याळामागचा स्क्रू तुम्ही केसभर फिरवलात. माझ्या जुन्या पंधराला बोट खरं तर बाविसाने पळत होती, हेही तुमच्याच आग्रहाने जुनी नळी परत जोडून मोजलं. मला ते मोजायचं नव्हतं.

तुम्ही सांगितलेला हिशेब मी नंतर कागदावर करून पाहिला. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. स्पर्धेच्या 36 मैलांना दर चौरस इंचाला साधारण 19 पौंड, आणि त्याच्या निम्म्या वेगाला फक्त पाचेक पौंड. म्हणजे मुलांच्या वेगाला काटा हलवायला मुळात जोरच कमी, आणि त्यातलाही आमच्याकडे सांडत होता. नळी फुटली ती बहुधा थंडीत आत राहिलेल्या पाण्याचा बर्फ होऊन. तुम्ही म्हणाला होतात, "गळीत हंगाम संपला की आमी सगळी गेजं उतरवून तपासायचो. तुमचा हंगाम संपला की नळ्यांतलं पानी काढा." परवा काढलं. फुंकूनच. कुणी फुंकलं ते सांगायला नको.

पैशांचं पाकीट तुम्ही परत केलंत ते ठीक. पण त्या तीन दुकानांना तुमचा फोटो पाठवावा असं अधूनमधून मनात येतं. बोटीच्या तळाला कान लावलेला, पाय बाहेर काढलेला. खाली एक ओळही लिहिणार नाही.

आता शेवटची बातमी. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी भिंतीकडे तोंड केलेल्या स्की तिने आपल्या आपण गाडीत टाकल्या. पाणी गार होतं, वारा नव्हता. मी काटा पंधरावर आणला आणि तिथेच धरला. ती उठली. डगमगली, सावरली, उभी राहिली. बायको मागे बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "अहो, अंगठा."

माझे हातपाय गळले. "खाली?"

"वर."

स्कीइंगमध्ये अंगठा वर म्हणजे वेग वाढव. मी सोळा केला. परत अंगठा. सतरा.

आपला,
तुम्ही हाताने बाजूला केलेला बाप

ता. क. फुटलेल्या नळीचा वीतभर तुकडा तिने अभ्यासाच्या टेबलावर ठेवलाय. पुढच्या जुलैत याल तेव्हा तुम्हाला बोटीत बसवून स्वतः दोरी धरणार आहे म्हणते. हाकायचं कुणी, ते तुम्ही ठरवा.