पोस्ट कोणी काढली, ते लेखी कळवा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : हुतात्मा दिनाची पोस्ट कारण न देता काढून टाकल्याबाबत.

महोदय,

मी बेळगावच्या शहापूर भागात राहतो. १७ जानेवारीला आमच्याकडे हुतात्मा दिन पाळतात. १९५६ साली सीमाप्रश्नाच्या आंदोलनात इथे झालेल्या गोळीबारात जे बळी पडले, त्यांना हुतात्मा चौकात अभिवादन केले जाते. त्या कार्यक्रमाचा फोटो आणि खाली चार ओळींची माहिती मी तुमच्या ॲपवर टाकली होती. कन्नड बोलणाऱ्या कुणाविरुद्ध त्यात एक अक्षरही नव्हते. माझे शेजारीच कन्नड आहेत. संध्याकाळी पोस्ट गायब. ‘नियमांचा भंग’ एवढाच संदेश आला. कोणता नियम, कोणती ओळ, ते नाही. फेरविचाराची विनंती केली तर तोच संदेश पुन्हा आला. माणसाने ती पोस्ट वाचली असेल, असे मला वाटत नाही.

तुम्ही खासगी कंपनी आहात. राज्यघटनेचे अभिव्यक्ती स्वातंत्र्याचे कलम १९(१)(अ) प्रामुख्याने सरकारला बांधते आणि तुम्हाला स्वतःचे नियम करता येतात, हे मला मान्य आहे. म्हणूनच विचारतो : पोस्ट तुम्ही स्वतःहून काढलीत की सरकारच्या सांगण्यावरून? सीमाभागात हे कळणे फार गरजेचे आहे. कर्नाटक स्थापना दिनी, १ नोव्हेंबरला, इथले मराठी भाषक पाळतात त्या काळ्या दिनाची फेरीसुद्धा परवानगीच्या वादात अडकते.

सरकारचा आदेश असेल, तर मला उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात दाद मागता येईल. नुसती कुणाची तक्रार आली असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या श्रेया सिंघल निकालानुसार तेवढ्यावरून मजकूर काढणे तुमच्यावर बंधनकारक नव्हते. त्यासाठी न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश लागतो. आणि निर्णय तुमचाच असेल, तर माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ मधला नियम ४(८) पाहा. भारतात ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या तुमच्यासारख्या कंपनीने मजकूर काढण्याआधी कारणासह कळवायचे असते आणि बाजू मांडण्याची संधी द्यायची असते. मला दोन्हींपैकी काहीच मिळाले नाही.

पोस्ट पूर्ववत करावी. नाहीतर कोणत्या ओळीवर आक्षेप आहे आणि निर्णय कोणाचा, ते मराठी जाणणाऱ्या माणसाकडून तपासून लेखी कळवावे. मुदतीत समाधानकारक उत्तर आले नाही, तर मी केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे जाणार आहे. काढलेल्या पोस्टची प्रत आणि तुमचे दोन्ही संदेश सोबत जोडले आहेत.

कळावे,
आपला एक वापरकर्ता
शहापूर, बेळगाव