‘येथे पुन्हा पाठवू नये’

१४ ऑक्टोबर २०१९

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. तुझ्या पत्रांना उत्तर दिले नाही म्हणून तू रागावला असशील, आणि तो राग रास्तच आहे. पण आज पत्र लिहायला बसवले ते एका वेगळ्याच कारणाने. आपल्या आरक्षणाच्या ॲपमधून सर्व्हरला विनंत्या पाठवणारा तुझा तो क्लास, म्हणजे कोडचा तुकडा, ज्याला हात लावायला ऑफिसात अजूनही सगळे कचरतात, आयफोनची नवी प्रणाली आयओएस १३ आल्यापासून माझ्या गळ्यात पडला आहे, आणि त्यात एक ओळ अशी सापडली आहे की तिचा उलगडा तुझ्याखेरीज कोणी करू शकणार नाही. प्रकृती ठीक आहे. पाठीचे दुखणे जसे होते तसेच आहे.

घडले ते असे. सप्टेंबरात एक्सकोड ११ वर, म्हणजे ॲपलच्या ॲप बनवण्याच्या साधनावर, नवे बिल्ड (ॲपची नवी आवृत्ती) करून ॲप स्टोअरवर चढवले. १९ तारखेला आयओएस १३ बाहेर पडली आणि लगोलग तक्रारी येऊ लागल्या की शोधाच्या स्क्रीनवर काहीच दिसत नाही. आयओएस १२ असलेल्या फोनवर तेच ॲप निमूटपणे चालत होते, आणि चाचणीचे फोन शक्य तितके जुन्या आवृत्तीवर ठेवण्याचा आपल्याकडचा प्रसिद्ध रिवाज तुला ठाऊक आहेच. एररचा क्रमांक उणे ११०३, आणि संदेश असा की मजकूर कमाल मर्यादेपेक्षा मोठा आहे. भाऊसाहेबांनी तत्काळ निदान केले की सर्व्हर फार मोठे उत्तर पाठवतो आहे. मग उत्तरातून चित्रांचे पत्ते काढले, एका पानावरचे निकाल कमी केले, वर्णनेही छाटली, तरी ११०३ हटेना. अखेर मी सर्व्हरचे लॉग उघडले, तर तिथे विनंती आल्याची नोंदच नव्हती. जी विनंती फोनमधून बाहेरच पडलेली नाही, तिच्या उत्तराचे वजन घटवण्यात सगळे गुंतले होते.

एव्हाना तू ओळखले असशील. गेट, म्हणजे नुसती माहिती मागणाऱ्या विनंतीला जोडलेली बॉडी, म्हणजे सोबत पाठवलेला मजकूर! यूआरएलसेशन, म्हणजे आयओएसची विनंत्या पाठवणारी यंत्रणा, आता अशी विनंती पाठवायलाच नकार देते, आणि नकाराचे कारण मात्र आकाराच्या भाषेत सांगते.

आपले ते भांडण मी पुन्हा उकरून काढणार नव्हतो, पण काढतो. मी म्हणत होतो की शोधाचे फिल्टर बॉडीत घालायचे असतील तर सरळ पोस्ट, म्हणजे सर्व्हरकडे मजकूर सोपवणारी विनंती, वापरू. तू म्हणत होतास की शोध म्हणजे निव्वळ वाचन, आणि वाचनाला गेटच हवे. फिल्टर यूआरएलमध्ये घालावेत, तर निवडलेल्या केंद्रांची यादी इतकी लांब होते की अपाची सर्व्हरची विनंतीच्या पहिल्या ओळीची ८१९० बाइट्सची मूळ मर्यादा ओलांडली जाते, हा तुझा मुद्दा खरा होता. २०१४ च्या आरएफसी ७२३१ या इंटरनेटच्या नियमपत्रकात स्पष्ट म्हटले आहे की गेटसोबतच्या बॉडीला ठरलेला अर्थ नाही आणि काही प्रणाली अशी विनंती नाकारू शकतील, हे मी तुला वाचूनही दाखवले होते. त्यावर तू इलॅस्टिकसर्च या शोधप्रणालीचा दाखला दिलास. इलॅस्टिकसर्च गेटसोबत बॉडी घेते हे खरे, परंतु त्याच शोधासाठी ती पोस्टही घेते, हा दाखल्याचा उत्तरार्ध तू त्या वेळी मोठ्या सफाईने गिळलास. असो. नव्या आयओएसला मी दोष देत नाही. तिने इतकी वर्षे चालवून घेतलेली एक सवलत काढून घेतली, एवढेच.

जाता जाता एक गंमत. पुश सूचनांचे टोकन, म्हणजे त्यासाठीची फोनची ओळखखूण, मिळवण्यासाठी डेटाचे डिस्क्रिप्शन, म्हणजे त्याचे अक्षरी रूप, घेऊन त्यातले कोनी कंस पुसून टाकणारी ती ओळ आठवते? तुला ती पाहून शिसारी येत असे. आयओएस १३ ने डिस्क्रिप्शनचा साचाच बदलला आणि आमच्या टेबलात टोकनांच्या जागी ‘लेंग्थ इक्वल टू ३२’ अशा थाटाचा मजकूर येऊन पडला. ती ओळ ज्याने लिहिली तो आज दुसरीकडे आर्किटेक्ट आहे. नाव लिहीत नाही, तू हसलास ते ऐकू आले.

तर शोध पोस्टवर नेला. सर्व्हर दोन्ही रीतींनी विनंती घेतो, कारण ॲप अपडेट न करणारी माणसे असणारच. नवे बिल्ड टप्प्याटप्प्याने सोडले, म्हणजे पहिल्या दिवशी आपोआप अपडेट होणाऱ्यांपैकी एक टक्का, दुसऱ्या दिवशी दोन, असे करत सातव्या दिवशी सगळे. शोध चालू लागला आणि नवाच एरर डोकावला: उणे १००५, कनेक्शन तुटले. तोही विशिष्ट वेळीच. माणूस यादी उघडतो, मिनिटभर वाचतो, मग फिल्टर बदलतो, आणि नेमका तेव्हाच तो येतो. त्या अवधीत सर्व्हरने रिकामे पडलेले कनेक्शन बंद केलेले असते, फोनला ते कळलेले नसते, आणि विनंती त्या मेलेल्या कनेक्शनवर जाते. गेट असते तर प्रणालीने स्वतःच नवे कनेक्शन उघडून ती पुन्हा पाठवली असती, कारण गेट कितीही वेळा पाठवले तरी सर्व्हरवरच्या नोंदी बदलत नाहीत. पोस्टच्या बाबतीत प्रणालीला तसे गृहीत धरता येत नाही, म्हणून ती एरर आपल्या हाती देऊन मोकळी होते. नव्या मुलाने सुचवले की पुट, म्हणजे दिलेली नोंद जागच्या जागी लिहिणारी विनंती, वापरावी, तीही पुन्हा पाठवायला सुरक्षित मानली जाते. मुलगा हुशार आहे, तुझ्याच वळणावर जाईल.

म्हणजे वाचनाला गेट हवे, या तुझ्या हट्टामागे निव्वळ सोवळे नव्हते. बॉडीच्या बाबतीत मात्र मी अजूनही माझ्याच बाजूला आहे.

माझी खरी काळजी आता सुरू होते. शोध पुन्हा पाठवायची सोय आपल्यालाच करावी लागणार, आणि शोधापुरती ती निर्धोक आहे. पण शोध, आरक्षण आणि रद्द करणे, सगळे तुझ्या एकाच फंक्शनमधून जाते. भाऊसाहेबांचे म्हणणे असे की १००५ आला की सरसकट तीनदा पाठवावे आणि विषय संपवावा. परंतु १००५ चा अर्थ विनंती पोहोचलीच नाही असा होत नाही. ती पोहोचली, आरक्षण झाले आणि उत्तर परत येताना कनेक्शन तुटले, असेही घडू शकते, आणि फोनला या दोहोंतला फरक कळण्याचा मार्ग नाही. तशा वेळी पुन्हा पाठवले तर एकाच माणसाच्या नावावर दोन आरक्षणे होतील, आणि पैसेही दोनदा कापले जातील. मी बिल्डचे वितरण थांबवून ठेवले आहे. ते एकूण ३० दिवसच थांबवता येते, आणि तोवर आयओएस १३ वरच्या ज्यांनी स्वतःहून अपडेट घेतलेले नाही त्यांचा शोध बंदच आहे, त्यामुळे माझ्यावर दोन्ही बाजूंनी ओरड चालू आहे.

आणि नेमके त्या फंक्शनमध्ये, आरक्षणाचे काम वेगळे होते त्या फाट्यावर, तुझी टिप्पणी आहे: ‘येथे पुन्हा पाठवू नये. कारण ठाऊक आहे.’ कोणाला ठाऊक आहे, ते लिहायचे राहिले.

मला आठवते ते असे की प्रत्येक आरक्षणाला फोनवरच एक स्वतंत्र क्रमांक द्यायचा, सर्व्हरने तो जपायचा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर नवे आरक्षण न करता आधीचेच उत्तर परत करायचे, अशी योजना तू हाती घेतली होतीस. टेबलात तो कॉलम आहे. काही ओळींत तो भरलेला आहे, काहींत रिकामा, आणि सर्व्हरच्या कोडमध्ये तो तपासणारी जागा मला सापडत नाही. योजना पुरी होत आली असेल तर उरलेले काम मी करतो आणि भाऊसाहेबांना हवे तितक्या वेळा पाठवू देतो. पण तिच्यात काही खोट आढळल्यामुळे तू ती सोडली असशील, तर मी त्याच खड्ड्यात नव्याने उतरू इच्छित नाही.

वहिनींना बढती मिळाल्याचे कळले, त्यांचे अभिनंदन कर. चिरंजीव कॉलेजात गेले म्हणे. आपण म्हातारे झालो. नव्या नोकरीबद्दल सविस्तर लिही, मी या वेळी नक्की उत्तर देईन.

तूर्त एवढेच कळव: तो कॉलम अर्धा का राहिला, आणि एकाच क्रमांकाच्या दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर काय करायचे हे तू ठरवले होतेस का. तोवर शोधाला पुन्हा पाठवण्याची सोय वेगळी जोडून बिल्ड सोडतो. आरक्षणाच्या फाट्याला हात लावत नाही.

तुझा,
मिलिंद