आंबा अढीत सडतो, रोग मात्र बागेतून येतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

साठवलेला आंबा काळा पडू लागला की दोष अढीला नाहीतर शीतगृहाला दिला जातो. प्रत्यक्षात करपा या काळ्या डागांच्या रोगाची बुरशी फळ लहान असतानाच सालीत शिरून गप्प बसलेली असते. कच्च्या सालीतली द्रव्ये तिला रोखून धरतात. फळ पिकू लागले की ती घटतात आणि डाग उठतात. देठकुजीची बुरशी वाळक्या फांद्यांवर वाढते आणि देठातून फळात उतरते. नुसत्या थंडीने या दोन्ही बुरशींची वाढ मंदावते, त्या मरत नाहीत.

उपाय काढणीच्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी व्हायला हवा. फळ सेंटिमीटरभर देठ ठेवून काढावे. देठ मुळापासून तुटला तर चीक ओघळून साल भाजते, शिवाय बुरशीला वाट मिळते. असे फळ देठ खाली करून निथळू द्यावे. धुण्यासाठी १०० लिटर पाण्यात ४ टक्के सोडियम हायपोक्लोराइट २५० मिली टाकले की क्लोरीन १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग) होते. माती आणि चीक क्लोरीन खाऊन टाकतात, त्यामुळे गढूळ पाणी लगेच बदलावे. हे पाणी फक्त वरचे बीजाणू मारते.

सालीतल्या बुरशीवर गरम पाणीच चालते: ५२ अंश सेल्सिअस, १० मिनिटे. बहुतेकांची चूक इथेच होते. पाणी ५२ अंशांवर आणून क्रेट सोडतात आणि आच कमी करतात. फळांच्या चौपट पाणी असले तरी तापमान दोन-तीन अंशांनी सहज उतरते, आणि मग ती अंघोळ वाया जाते. उलट ५५ अंशांपुढे साल करपते. थर्मामीटर टाकीच्या कडेला न ठेवता फळांच्या मधोमध धरावा, पाणी सतत ढवळावे, वेळ तापमान पुन्हा ५२ झाल्यावर मोजावी. कोवळी फळे या पाण्यात घालू नयेत, ती भाजतात.

नंतर फळे गार करून पंख्याखाली पूर्ण सुकवावीत. ओली फळे पेटीत भरली तर केलेले सगळे फुकट जाते. साठवण १३ अंशांवर, आर्द्रता ८५ ते ९० टक्के. १० अंशांखाली सालीवर करडे खड्डे पडतात, फळ नीट पिकत नाही आणि सडते मात्र लवकर.

आणखी एक कळकळीची विनंती. काढणीनंतर वापरण्याची शिफारस लेबलवर नसेल तर कोणतेही बुरशीनाशक टाकीत मिसळू नये, कारण त्याचा अंश थेट खाणाऱ्याच्या पोटात जातो. फवारणी मोहोराच्या वेळी आणि फळधारणेनंतर बागेत करावी, आणि त्याआधी झाडावरच्या वाळक्या काटक्या छाटून जाळाव्यात.

— एक वाचक