रुपया सावरताना रोकड आटते

महोदय,

'रिझर्व्ह बँकेने डॉलर विकून रुपया सावरला' इथे बातमी संपते. अभ्यास तिथून सुरू व्हायला हवा. ८५ रुपये दराने १ अब्ज डॉलर विकले की बँकांकडचे ८,५०० कोटी रुपये रिझर्व्ह बँकेकडे जातात. रोकड आटते, कॉल दर (बँका एकमेकींना एका रात्रीसाठी उसने देतात तो व्याजदर) रेपोच्या, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते त्या दराच्या, वर सरकतो. न्हावा-शेवातून माल सोडवणाऱ्या आयातदाराला डॉलर आवाक्यात राहतो, पण खेळतं भांडवल महाग पडतं. म्हणूनच, आटलेली रोकड परत यावी यासाठी, जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेकडून ६०,००० कोटींची सरकारी रोखेखरेदी जाहीर झाली.

ठाणे-नवी मुंबईतल्या एम.ए.च्या वर्गांत नुसते आलेख नकोत. रिझर्व्ह बँकेची परकीय चलनसाठ्याची साप्ताहिक आकडेवारी फळ्यावर मांडा. मात्र या गंगाजळीतली सगळी घट डॉलरविक्रीची नसते. ती डॉलरमध्ये मोजतात, त्यामुळे युरो घसरला, सोनं उतरलं तरी आकडा खाली येतो. तो भाग आधी वेगळा काढायला शिकवा.

— अर्थशास्त्राचे अध्यापक, ठाणे