तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर २० ऑगस्ट २०२४ रोजी संतप्त नागरिक तेथील रेल्वे रुळांवर उतरले आणि दुसऱ्याच दिवशी शासनाने शाळांच्या सुरक्षेविषयी निर्णय काढला. महिनाभरात सीसीटीव्ही बसवावेत, त्यांचे चित्रण मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा तपासावे, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी करून घ्यावी, तक्रारपेटी ठेवावी, अनुचित प्रकार घडल्यास २४ तासांच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवावे, अशा सूचना त्यात आहेत. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळाशाळांत नेमायच्या सखी सावित्री समितीचा निर्णय तर त्याआधीचा, मार्च २०२२ चा आहे. नियमांची वानवा नाही. सोलापुरात अनेक वर्षे शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, उणीव आहे ती प्रत्येक नियमामागे नावानिशी उभ्या राहणाऱ्या माणसाची.

कॅमेरे बसले की काम झाले, असा समज रूढ होत आहे. चित्रण कोण पाहते, किती दिवस जपून ठेवले जाते, यंत्र बंद पडल्याचे कोणाच्या लक्षात येते, हे पालक विचारत नाहीत आणि शाळाही आपणहून सांगत नाहीत. बदलापूरच्या त्या शाळेतील १५ दिवसांचे चित्रण गायब असल्याचे खुद्द तत्कालीन शालेय शिक्षणमंत्र्यांनी सांगितले होते. शिवाय स्वच्छतागृहात कॅमेरा लावता येत नाही आणि लावूही नये. तेथे मुलीसोबत जाणारी ओळखीची मावशी आहे की कंत्राटदाराने पाठवलेला, कोणीही पडताळणी न केलेला माणूस आहे, यावर तिची सुरक्षितता ठरते.

तक्रारपेटीचा प्रश्न आपल्या शहरात अधिक नाजूक आहे. पूर्व भागातल्या कित्येक घरांत तेलुगू बोलली जाते, अन्यत्र कन्नड आणि उर्दूही. त्या घरांतली बरीच मुले मराठी शाळेत येतात आणि धडा उत्तम वाचतात, परंतु भीती आणि लाज यांबद्दल बोलायची वेळ आली की त्यांना घरचीच भाषा सुचते. पहिली-दुसरीच्या मुलाला तर कोणत्याच भाषेत चिठ्ठी लिहिता येत नाही. आई दिवसभर विड्या वळते, वडील यंत्रमागावर पाळीला जातात. अशा घरातले मूल सांगेल कोणाला? म्हणून प्रत्येक शाळेत मुलांच्या घरची भाषा जाणणारी एक शिक्षिका किंवा माता-पालक ऐकून घेण्यासाठी नेमलेली असावी, आणि ती कोण हे वर्गावर्गांत जाऊन मुलांना सांगितलेले असावे. ही काही जगावेगळी मागणी नाही. तक्रार मुलाला न कळणाऱ्या भाषेत नोंदवली जात असेल तर दुभाषी द्यावा, असे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याचे १९ वे कलमच सांगते.

याच कायद्यानुसार असा गुन्हा घडल्याचे समजल्यावर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तरीही ‘शाळेचे नाव खराब होईल’ हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत ऐकले आहे, आणि ते बोलणारी माणसे दुष्ट नव्हती, घाबरलेली होती. पालकाला समजावून परत पाठवणे म्हणजे प्रकरण शांतपणे हाताळणे नव्हे, तो गुन्हा आहे, हे संस्थाचालकांना शिक्षण विभागाने लेखी बजावले पाहिजे.

आगीबाबतही हेच दिसते. तमिळनाडूतील कुंभकोणमच्या शाळेत २००४ मध्ये ९४ मुले होरपळून गेली, त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शाळांसाठी अग्निसुरक्षेचे आदेश दिले. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या कारखान्याच्या आगीत आठ जण गेले, ते दुःख शहर विसरलेले नाही. पेठांमधल्या जुन्या, एकाच जिन्याच्या इमारतींत भरणाऱ्या शाळांनी अग्निशामक नळकांडे नुसते भिंतीला टांगू नये. ते चालवता येणारी किमान दोन माणसे प्रत्येक मजल्यावर हवीत, आणि मुलांना वर्षातून एकदा तरी जिना उतरण्याचा सराव द्यावा.

महानगरपालिकेच्या शिक्षण मंडळाने आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने अनुदानित, विनाअनुदानित असा भेद न करता सर्व शाळांच्या दर्शनी भागात एक फलक लावणे सक्तीचे करावे. त्यावर सीसीटीव्ही चित्रण तपासणाऱ्या व्यक्तीचे आणि सखी सावित्री समितीच्या सदस्यांचे नाव, तक्रारपेटी शेवटची कधी व कोणासमोर उघडली ती तारीख, कंत्राटी कर्मचाऱ्यांसह किती जणांची पडताळणी बाकी आहे तो आकडा आणि १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दूत लिहिलेला असावा. याला मोठा निधी लागत नाही. येत्या पालकसभेपूर्वी हे सहज करता येईल, आणि फलक नसेल तर पालकांनी त्याच सभेत मुख्याध्यापकांकडे तो लेखी मागावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर