विसराळूपणाचे कारण औषधांतही शोधावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्मरणशक्तीविषयीच्या लेखांत ॲसिटिलकोलिन या चेतापेशींचे संदेश पोचवणाऱ्या रसायनाचा उल्लेख बहुधा 'स्मृतीचे रसायन' असा होतो आणि ते जितके जास्त तितकी स्मृती तल्लख, असा समज त्यातून पसरतो. मी अनेक वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले आहे. हा समज मला अपुरा वाटतो, आणि त्यामुळे वृद्धांच्या बाबतीत एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते, म्हणून हे पत्र.

१९२१ मध्ये शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाची गती कमी करणारा व्हेगस मज्जातंतू उद्दीपित केला आणि त्या हृदयाभोवतीचे द्रव दुसऱ्या हृदयाला दिले, तेव्हा तेही मंदावले. ते द्रव्य ॲसिटिलकोलिन होते. मात्र हे रसायन हृदयाला मंदावते आणि हातापायांच्या स्नायूंना आकुंचित करते, कारण त्याचा परिणाम ते ज्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरील संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाला, चिकटते त्यावर ठरतो. या रिसेप्टरचे निकोटिनिक आणि मस्करिनिक असे दोन गट आहेत. निकोटिनिक रिसेप्टरला मधोमध छिद्र असते, ते क्षणार्धात उघडते आणि आयन, म्हणजे विद्युतभारित कण, पेशीत शिरतात. त्यांतील अल्फा-७ हा प्रकार कॅल्शियमलाही वाट देतो, आणि चेतापेशींमधील जोडण्या बळकट होण्यासाठी कॅल्शियम लागते. मस्करिनिक रिसेप्टर पाच प्रकारचे असून ते पेशीच्या आतील प्रथिनांमार्फत सावकाश काम करतात. त्यांतील एम-१ हा मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, आणि नव्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये विपुल आढळतो.

हे मस्करिनिक रिसेप्टर अडवले तर काय होते, हे ड्रॅकमन आणि लेविट यांनी १९७४ मध्ये निरोगी तरुणांना स्कोपोलामिन हे ते रिसेप्टर अडवणारे औषध देऊन पाहिले. ऐकलेले आकडे लगेच म्हणून दाखवणे त्या तरुणांना जमत होते, पण नवी माहिती मनात साठवण्याची क्षमता खालावली, आणि त्यांच्या चुकांचे स्वरूप वृद्धांच्या चुकांशी मिळतेजुळते होते. मला हा प्रयोग फार बोलका वाटतो. उलट गाढ झोपेत मेंदूतील ॲसिटिलकोलिन आपोआप घटते, आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात या टप्प्यात ते औषधाने वाढवले तेव्हा झोपण्यापूर्वी पाठ केलेल्या शब्दजोड्या पक्क्या होण्यात अडथळा आला. म्हणजे शिकताना हवे असलेले रसायन शिकलेले मुरवताना मागे सरावे लागते.

आता मूळ मुद्दा. ॲलर्जीवर आणि झोपेसाठी घेतले जाणारे डायफेनहायड्रामिन, लघवीच्या तक्रारीवरील ऑक्सिब्युटिनिन, नैराश्य आणि वेदनांवरील ॲमिट्रिप्टिलिन ही औषधे हेच मस्करिनिक रिसेप्टर अडवतात. वृद्ध मेंदूला ते अधिक जाणवते आणि अशी दोन-तीन औषधे एकत्र आली की परिणामांची बेरीज होते. माझ्या आईचा विसराळूपणा आम्ही वयावर ढकलला होता. डॉक्टरांनी तिच्या गोळ्यांची यादी तपासून एक गोळी बदलल्यावर तिचा गोंधळ पुष्कळ ओसरला. इतकी वर्षे हा विषय शिकवूनही मला ते वेळीच सुचले नाही, याची खंत अजून आहे.

कधी कधी तर अल्झायमरच्या रुग्णाला ॲसिटिलकोलिन टिकवून धरणारे डोनेपेझिल दिले जाते, त्याने लघवीची घाई वाढते आणि ती आवरण्यासाठी ऑक्सिब्युटिनिन दिले जाते. मग एक औषध जे वाढवते त्याचीच वाट दुसरे अडवते.

माझी विनंती आहे की, विस्मरणावरील लेख छापताना आपण त्यासोबत दोन ओळी अवश्य द्याव्यात: रुग्ण घेत असलेली सर्व औषधे, दुकानातून परस्पर आणलेलीही, डॉक्टरांना दाखवावीत, आणि कोणतेही औषध त्यांना न विचारता बंद करू नये.

आपला,
शरीरक्रियाशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक