बटण सुटले म्हणून सोफा भंगारात काढू नका

संपादक महोदय,

दिवाळीची साफसफाई निघाली की नागपुरात गल्लोगल्ली जुने सोफे अंगणात येतात आणि तिथून थेट भंगारवाल्याच्या ठेल्यावर चढतात. त्यातल्या कितीतरी सोफ्यांची चौकट सागवानी असते, फोमही बसलेला नसतो. पाठीवरची दोन-चार बटणे तेवढी लोंबत असतात, नाहीतर गेलेली असतात. असा सोफा फेकणे म्हणजे निव्वळ नुकसान आहे. हे काम घरी होण्यासारखे आहे, म्हणून ते नीट कसे करावे हे सविस्तर लिहितो.

आधी बटण का सुटते ते पाहू. बटणाच्या पाठीशी तारेची कडी असते आणि तिच्यातून गेलेला दोरा फोममधून आरपार जाऊन मागे चौकटीला किंवा गोणपाटाला बांधलेला असतो. माणूस टेकला की फोम दबतो आणि दोरा सैल पडतो, उठला की दोरा पुन्हा ताणतो. दर वेळी तो कडीवर घासतो आणि तिथेच झिजून तुटतो. दोरा सुती असला तर आणखी लवकर. आपल्याकडे उन्हाळाभर दिवाणखान्यात कूलर चालतो. त्याच्या दमट झोतात मागच्या पिना गंजतात आणि सुती दोरा कुजतो. एक बटण गेले की त्याच्याभोवतीच्या चुण्या उलगडतात, कापडाचा ताण शेजारच्या बटणांवर जातो आणि मग अख्खी ओळ ढिली पडते. म्हणून पहिले बटण हलू लागले तेव्हाच हात घालावा.

गोंद मात्र लावू नका. गोंदाने बटण कापडाला वरवर चिकटते, खड्ड्यात खेचून धरले जात नाही. शिवाय कापड तिथे कडक होते आणि पांढुरका डाग कायमचा राहतो.

साहित्य थोडकेच आहे. जाड नायलॉन किंवा पॉलिस्टरचा दोरा, आठ ते दहा इंची गोल टोकाची दाभण, जीन्सचा तुकडा, चपटा स्क्रूड्रायव्हर आणि स्टेपल गन. पोती शिवायची दाभण घेऊ नये. तिचे चपटे टोक धारदार असते, ते कापडाचे धागे कापत जाते. दोरा पाठीच्या जाडीच्या पाचपट घ्यावा, म्हणजे सहा इंची पाठीला तीस इंच.

सोफा भिंतीपासून ओढून मागचे कापड तळाच्या बाजूने उघडा. स्क्रूड्रायव्हरने पिना एकेक करून उचला, कापड हिसकू नका, तेच परत लावायचे आहे. आत गेल्यावर शाबूत बटणे कशी बांधली आहेत ते आधी बघून घ्या, नवे त्याच पद्धतीने बांधायचे. जुनी कडी बोटाने चाचपा. धार लागली तर कानशीने घासा, नाहीतर नवा दोराही तिथेच तुटेल.

आता दोरा कडीतून ओवून दोन्ही टोके एकत्र दाभणीत घाला आणि समोरून जुन्याच छिद्रातून सरळ मागे काढा. रेक्झिनच्या सोफ्यात हे कसोशीने पाळावे, कारण रेक्झिनला पडलेले छिद्र बुजत नाही आणि नव्या छिद्रापासून फाटायला सुरुवात होते. दाभण तिरकी गेली तर बटण एका अंगाला कलून बसते. मागे दोन्ही टोके वेगळी करून मध्ये जीन्सची बोटाएवढी गुंडाळी ठेवा आणि तिच्यावर सरकगाठ मारा. ही गुंडाळी नसेल तर दोरा गोणपाट चिरून पुढे निसटतो. गोणपाट आधीच फाटले असेल तर चार इंची चौकोनी कॅनव्हासचे ठिगळ शिवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एकाने समोरून तळव्याने बटण दाबावे, दुसऱ्याने मागून गाठ सरकवत न्यावी. शेजारच्या बटणाइतकी खोली आली की थांबा. जास्त ओढले तर चुण्या वाकड्या होतात आणि बाकीची बटणे वर आल्यासारखी दिसतात. नायलॉन थोडा ताणतो, म्हणून तासाभराने पुन्हा आवळून मगच वर दोन पक्क्या गाठी मारा. चौकट जवळ असेल तर टोके लाकडावर नागमोडी फिरवून तीन ठिकाणी पिना ठोका. सरळ दोऱ्यावर मारलेली एकटी पिन धरत नाही, गुळगुळीत दोरा तिच्याखालून सरकतो. टोके दोन इंच राखून कापा. नायलॉनचे टोक काडीने जाळून बंद करायची सवय अनेकांना असते. ती इथे अजिबात नको. फोम क्षणात पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो.

बटण हरवले असेल तर शेजारचे शाबूत बटण मोजून घ्या. माप लाइनमध्ये सांगतात. ४० लाइन म्हणजे एक इंच. इतवारी-गांधीबागेकडे टेलरिंग मटेरियलच्या दुकानांत विचारले तर कापड चढवून मिळते. कापड सोफ्याच्या तळाशी आत दुमडलेल्या भागातून कापा, एक इंची बटणाला दोन इंची गोल पुरतो. मखमल असेल तर तिच्या लवेची दिशा खडूने खूण करून ठेवा आणि बटण त्याच दिशेने बसवा. ते फिरले तर त्याच कापडाचे बटण वेगळ्या रंगाचे भासते.

सोफे बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यांना एक विनंती. प्रत्येक सोफ्यासोबत चार जादा बटणे आणि त्याच थानातले वीतभर कापड द्यावे, कारण तोच रंग दुसऱ्या थानात तंतोतंत मिळत नाही. सुती दोऱ्याऐवजी नायलॉन वापरायला प्रत्येक बटणामागे नाममात्र खर्च येतो, तोही करावा. ग्राहकांनीही पैसे मोजण्याआधी या दोन्ही गोष्टी मागाव्यात.

— कुशनकाम करणारा एक कारागीर, सक्करदरा, नागपूर